ते पाच शब्द वगळून

रविवारी दुपारी दोन तास फोन हातात मिळतो. आईशी बोलून झालं, रडूनही झालं. उरलेल्या वेळात वहीतलं बघून हे टाइप करतेय.

मागच्या सोमवारी पप्पांनी मला नाशिकला आणून सोडलं. राहुरीहून एसटीनं निघालो, सिन्नर सुटल्यावर पाऊस लागला. पप्पा साखर कारखान्यात आहेत, त्यांना एकाच दिवसाची रजा होती. गेटवर त्यांनी डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली आणि मागे न बघता रिक्षात बसले. सुवार्तेच्या, म्हणजे येशूबद्दल लोकांना सांगण्याच्या सेवेचं हे वर्षभराचं प्रशिक्षण आहे. दोन वर्षं मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्ताचे नमुने घेत होते, ती नोकरी सोडून आलेय. पुष्कळ जणांनी विचारलं, एवढं शिकून हे कशाला? माझ्याकडे एकच उत्तर होतं. माझी आजी बायबलबाई होती. खांद्याला कापडी पिशवी लावून गावोगाव पायी जायची, बायकांबरोबर जात्यावर बसायची, दळण सरकलं की बोलायला लागायची. तिचं बायबल आता माझ्याकडे आहे. स्तोत्रसंहितेची पानं तेलाच्या बोटांनी पिवळी झाली आहेत.

आम्ही अकरा मुली आहोत. पहाटे पाचला घंटा, अर्धा तास शांत वेळ, मग झाडलोट आणि स्वयंपाक. माझी जोडीदारीण सुरगाण्याची आहे. घरी कोकणा बोलते, मराठी जपून बोलते. पहिल्याच सकाळी तिनं नागलीच्या भाकरी केल्या. बाजरीचा हात असलेल्या मला त्या जमेनात, थापताना कडा फाटत होत्या. तिनं काही न बोलता माझ्या पिठावर उकळतं पाणी ओतलं आणि उलथण्यानं ढवळून झाकून ठेवलं. उकड निवल्यावर मळलेलं पीठ लोण्यासारखं झालं होतं. तेवढ्यावर आमची मैत्री झाली.

मंगळवारचा तास मी विसरणार नाही. आमच्या बाईंनी फळ्यावर पाच शब्द लिहिले: तारण, कृपा, पश्चात्ताप, वधस्तंभ, सार्वकालिक जीवन. म्हणाल्या, "शेजारच्या काकू तांदूळ निवडत बसल्यात. त्यांनी चर्च आतून कधी पाहिलेलं नाही. यातला एकही शब्द न वापरता त्यांना सांग, येशू तुझा कोण?"

मी पहिली उठले. आठवीपासून चर्चच्या तरुण संघात साक्ष देतेय, म्हणजे विश्वासाचा अनुभव सांगतेय, वचन पाठांतरात दर वर्षी बक्षीस घेतलंय. तोंड उघडलं आणि "प्रभूनं माझं" इथवर येऊन थांबले. पुढचा शब्द फळ्यावर होता. दुसरीकडून सुरुवात केली, तिथेही तेच. दोन मिनिटं उभी होते. मला आतून फार वाईट वाटलं. इतकी वर्षं मी जे मनापासून बोलत आले ते खोटं नव्हतं, पण ते माझ्या शब्दांत कधी आलंच नव्हतं.

मग सुरगाण्याची उठली. तिचा धाकटा भाऊ तापानं फणफणला होता, रात्री गाडी नव्हती. वडिलांनी त्याला पाठीवर घेतलं, ही कंदील धरून पुढे. घाट उतरेपर्यंत वडील येशूशी बोलत होते, "जसा सोबतच्या माणसाशी बोलावा तसा." एवढंच सांगून ती बसली. वर्गात कुणी हललं नाही.

बाईंनी मला शनिवारपर्यंत वेळ दिला आणि दोन गोष्टी सांगितल्या. रोज लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'चं एक पान मोठ्यानं वाच. आणि आठवडाभर बाहेर कुणालाही काही सांगायचं नाही, ऐकायचं.

लक्ष्मीबाई जवळच्याच जलालपूरच्या. त्यांचे पती नारायण वामन टिळकांनी 1895 साली बाप्तिस्मा घेतला तेव्हा लक्ष्मीबाईंवर आभाळ कोसळलं. त्यांचा स्वतःचा बाप्तिस्मा 1900 सालचा. मधल्या वर्षांत त्या आपल्या पायांनी, आपल्या विचारानं तिथवर आल्या. लिहितात मात्र चुलीपुढे बसून बोलावं तसं. मोठ्यानं वाचताना मला आजीचाच आवाज ऐकू येतो.

बुधवारी भाजी आणायची पाळी माझी होती. गोदावरीकाठी बुधवारचा बाजार भरतो. इथे सगळे नदीला गंगाच म्हणतात. पाणी गढूळ होतं, पण दुतोंड्या मारुतीपासून अजून खाली होतं. त्या मूर्तीला पाणी कुठवर लागलं यावरून नाशिककर पूर मोजतात. पोत्यावर मेथी-शेपू मांडून एक आजी बसल्या होत्या. जुडी देताना त्यांचा हात पुढे आला आणि माझी नजर नखांवर गेली. नखं पांढरीफटक, तळवाही तसाच. लॅबमध्ये असे हात मी रोज धरलेत. विचारलं, "आजी, चालताना दम लागतो का?"

"लागतो गं माय. पायऱ्या चढले का डोळ्यापुढं अंधारी येती."

मी सांगितलं, सिव्हिलला जाऊन रक्त तपासून घ्या, हिमोग्लोबिन बघायला सांगा. मग त्याच बोलू लागल्या. मुलगा पंपावर कामाला, सून माहेरी गेलेली, नातवाला शाळेत पाठवून मगच बाजार गाठायचा. मी पोत्याच्या कडेला उकिडवी बसले. मध्येच त्यांनी विचारलं, "तू काय शिकती इथं?"

"देवाचं काम, आजी."

"मग बरंय," म्हणाल्या आणि कोथिंबिरीची जुडी पिशवीत टाकली. पैसे घेतले नाहीत.

गुरुवारी दिवसभर पाऊस, पाठांतर आणि कपडे वाळवणं.

शुक्रवारी सरांनी शरणपूरला नेलं. इंग्रज मिशनऱ्यांनी एकोणिसाव्या शतकात वसवलेली ही वस्ती. गुलामांच्या जहाजांतून सोडवलेली आफ्रिकन मुलं इथे ठेवून शिकवली होती, हे मला नाशिकला येईपर्यंत माहीत नव्हतं. त्यांतला एक जेकब वेनराइट. 1873 मध्ये आफ्रिकेत मिशनरी आणि शोधक डेव्हिड लिव्हिंग्स्टन वारले, त्यांचं हृदय तिथेच झाडाखाली पुरलं तेव्हा त्यानं दफनविधीची प्रार्थना वाचली, झाडावर त्यांचं नाव कोरलं. साथीदारांनी त्यांचं शव महिनोन्‌महिने चालत समुद्रापर्यंत आणलं. 18 एप्रिल 1874 ला वेस्टमिन्स्टर अॅबीत शवपेटीला खांदा देणाऱ्यांतही तो होता. ज्याला लहानपणी माणसांनी विकलं, त्यानं दुसऱ्याला इतकं जपून नेलं. मी बराच वेळ तिथल्या झाडाखाली उभी होते. शरण आलेल्यांचं गाव, शरणपूर.

शनिवारी बाईंनी नुसतं बघितलं. मी उठले आणि जे आलं ते बोलले.

"काकू, मी लॅबमध्ये होते तेव्हा एक दिवस माझ्या आजीचाच नमुना मशीनमध्ये लागला. पांढऱ्या पेशींचा आकडा घरात सगळ्यात आधी मला कळला. डॉक्टरांनी सांगेपर्यंत कुणाला बोलायचं नव्हतं. रात्री सगळे झोपले, मी गच्चीवर गेले. घरात कुणी आजारी असलं की एक जण जागं राहतं ना, तसं त्या रात्री माझ्यासाठी कुणीतरी जागं होतं. मी बोलले, त्यानं ऐकलं. आजी वाचली नाही. पण तो जागा असतो हे मला तेव्हापासून माहीत आहे. तो येशू."

बाई थोडा वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "काकूंनी तांदूळ बाजूला ठेवला असता." आणि पुढच्या मुलीला उठवलं.

चार वाजत आले, फोन परत द्यायचाय. पुढच्या बुधवारची भाजीची पाळी दुसरीची होती, ती मी मागून घेतली आहे. आजी सिव्हिलला गेल्या का, ते विचारायचंय.