चुकीच्या उत्तरामागचा नियम

गणितात बरेच मागे पडलेल्या विद्यार्थ्याला आपण सहसा आणखी उदाहरणे देतो. समीकरणे जमत नाहीत, म्हणून समीकरणांचाच सराव. वास्तविक त्याचे घोडे कित्येकदा हातच्याच्या वजाबाकीतच अडलेले असते. त्यामुळे चालू इयत्तेचे पुस्तक काही दिवस बाजूला ठेवून, त्याला खात्रीने जमणारी शेवटची गोष्ट कोणती, हे आधी शोधावे, असे माझे मत आहे.

हा शोध केवळ गुणांवरून लागत नाही. ५२ − २७ याचे उत्तर ३५ लिहिणाऱ्या मुलाला ‘मोठ्याने बोलत करून दाखव’ म्हटले, की उलगडा होतो: दोनातून सात जात नाहीत, म्हणून तो सातातून दोन काढतो. हा निष्काळजीपणा नव्हे, तर त्याने स्वतः तयार केलेला आणि इमानाने पाळलेला नियम आहे. जॉन सीली ब्राउन आणि रिचर्ड बर्टन या संशोधकांनी १९७८ मध्ये वजाबाकीतल्या अशाच ठरावीक चुकांची तपशीलवार मांडणी केली होती. नियमच चुकीचा असेल, तर अधिक सरावाने तो पक्काच होतो.

अशा वेळी दहा-दहा काड्यांचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या त्याच्यापुढे ठेवाव्यात आणि सत्तावीस काढून दाखवायला सांगावे. एक गठ्ठा सोडल्याशिवाय सात काड्या मिळत नाहीत, हे त्याच्या हातांना कळते. मग हातचा घेणे ही कागदावरची जादू राहत नाही. मात्र प्रत्येक कृतीसोबत तीच पायरी वहीत लिहून घ्यावी, नाहीतर काड्या वेगळ्या आणि गणित वेगळे असेच त्याच्या मनात राहते.

पाढ्यांबाबत माझे मत थोडे वेगळे आहे. ते पाठ असावेतच. परंतु भागाकाराची रीत शिकताना पाढ्यांचा तक्ता समोर ठेवू द्यावा, कारण सात आठे किती हे आठवण्यातच सारे लक्ष खर्ची पडले, तर रीत समजून घ्यायला काही उरत नाही.

मोठ्या मुलांना लाज वाटते, म्हणून खालच्या इयत्तेचे पुस्तक त्यांच्या हाती न देता उदाहरणे कोऱ्या कागदावर लिहून द्यावीत. पुढे जाण्याची घाईही नको. मध्ये शून्य असलेले ४०३ − १५८ हे उदाहरण चार-पाच दिवसांच्या खंडानंतर, कोणी न सुचवता, कारणासह सोडवता आले, की पुढचा घटक घ्यावा.