तुम्ही विचारलंत म्हणून: झुकिनी नसली तर पास्ता कशाचा?

झुकिनी (काकडीसारखी दिसणारी विलायती भाजी) महाग, नेहमी मिळतही नाही. मग भाजीचा पास्ता, म्हणजे पास्त्याऐवजी भाजीचे लांब धागे, दुसऱ्या कशाचा होतो का, आणि ताटात त्याला पाणी का सुटतं, हे दोन प्रश्न बहुतेकदा जोडीनेच येतात. गोव्यात तरी झुकिनीच्या मागे लागू नये. कच्ची पपई तिच्याहून सरस. परसात नसली तर म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात बघा.

पपई हिरवीकच्च हवी, आतून पांढरी. गर केशरी व्हायला लागला असेल तर त्याचे धागे शिजताना मोडतात. दोघांना ६०० ग्रॅमची एक पुरते. हाताला तेल लावून साल जाडसर काढा, बिया खरवडा, चीक धुऊन टाका. धागे काढायचं यंत्र नसलं तरी चालतं: सोलाण्याने उभ्या पट्ट्या काढायच्या, चळत करून सुरीने पाव सेंटिमीटर रुंद कापायच्या. किसणीवर आडवं किसलंत तर धागे आखूड पडतात आणि त्याची कोशिंबीर होते.

खळखळत्या खारट पाण्यात दीड मिनिट, जास्त नाही. लगेच चाळणीत उपसा आणि सुती फडक्यावर दहा मिनिटं पसरून ठेवा. ही पायरी गाळलीत की पुढचं सगळं पाणचट. गव्हाचा पास्ता सॉसमधलं पाणी पितो, भाजी उलट स्वतःचं पाणी त्यात सोडते. म्हणून सॉस नेहमीपेक्षा घट्ट हवा. चार टोमॅटो, सहा लसूण पाकळ्या, दोन चमचे तेल. कढईत चमचा ओढल्यावर पडलेली वाट लगेच भरून येत नाही, तोवर आटवा. धागे अगदी शेवटी, मोठ्या आचेवर, मिनिटभर. झाकण ठेवू नका.

नारळाचा रोस (दूध) घालायचा असेल तर फक्त पहिला, दाट, अर्धी वाटी. तोही गॅस बंद केल्यावर, उकळला तर फुटतो. वर चमचाभर आगळ, म्हणजे कोकमाचा रस. आगळात मीठ असतंच, तेव्हा वेगळं मीठ चव बघूनच घाला.

गरोदर बाईला कच्ची पपई वाढू नका, तिच्यासाठी दुधी घ्या. दुधीचा एक तुकडा आधी कच्चा चाखायचा. कडू लागला तर थुंकून अख्खा दुधी फेका. तो कडूपणा विषारी असतो आणि शिजवून जात नाही. बियांचा मऊ गाभा वापरू नका. अर्धा किलोला चमचाभर मीठ लावून वीस मिनिटं ठेवा, घट्ट पिळा. दुधी उकळायचा नाही, तापलेल्या कोरड्या तव्यावर दोन मिनिटं परतला की झालं. तवसं (मोठी काकडी) मात्र या कामाचं नाही, त्याची तवसळीच, म्हणजे काकडीचा गोड केकच करावा.

एवढं करूनही हे जेवण अपुरं आहे. शंभर ग्रॅम कोरड्या पास्त्यात बारा ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात, पपईत जेमतेम अर्धा ग्रॅम. तासाभरात भूक लागते ती त्यामुळे. वाटीभर शिजवलेले अळसांदे (चवळी) किंवा चणे मिसळा. मुलं कुरकुरत असतील तर निम्मा खरा पास्ता, निम्मी पपई. तसं खाण्यात काही कमीपणा नाही.

उरलं तर मिसळलेलं ठेवू नका, सकाळी त्याचं सार झालेलं असतं. कोरडे केलेले धागे फडक्यात गुंडाळून फ्रिजमध्ये दिवसभर टिकतात, सॉस वेगळ्या डब्यात.