अमेरिकेने मागितली नाही ती सही नागपुरात मागितली

माझ्या धाकट्या बहिणीच्या लग्नाची नोंदणी नागपुरात झाली आणि ती एच-४ व्हिसावर, म्हणजे तिथे नोकरी करणाऱ्या नवऱ्याच्या व्हिसावर अवलंबून असलेल्या व्हिसावर, न्यू जर्सीला गेली. पुढे नवऱ्याला ग्रीन कार्ड, म्हणजे कायम राहण्याचा परवाना, मिळाले. तिचा अर्ज मात्र त्याने मुद्दाम भरला नाही, आणि तोंड उघडलेस तर परत पाठवीन ही धमकी रोजची झाली.

अमेरिकेतील १९९४ च्या व्हायोलन्स अगेन्स्ट विमेन ॲक्टनुसार, नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक जोडीदाराकडून छळ होत असेल तर पत्नीला, तसेच पतीलाही, जोडीदाराच्या मदतीशिवाय ग्रीन कार्डच्या वाटेवरचा आय-३६० हा अर्ज स्वतः करता येतो. त्याला आम्हाला शुल्क पडले नाही. मारहाण झालेलीच असावी किंवा पोलिसांत तक्रार असावी, अशीही अट नाही. टोकाचा मानसिक छळ पुरेसा ठरतो. तिचे सविस्तर निवेदन, समुपदेशकाचे पत्र आणि धमक्यांचे मेसेज तिने वकिलांच्या मदतीने जमवले. मूळ विवाह प्रमाणपत्र मात्र नवऱ्याच्या ताब्यात होते, म्हणून त्याची प्रमाणित प्रत काढण्याचे काम माझ्याकडे आले.

नोंदणी क्रमांक, तारीख आणि बहिणीने पाठवलेले मुखत्यारपत्र घेऊन मी मे महिन्याच्या उन्हात नोंदणी कार्यालयात गेलो. खिडकीवरील बाबूंनी कागद चाळले आणि विचारले, “भाऊ, जावयाची सही कुठे आहे?” या लग्नातील एक पक्ष माझी बहीण आहे आणि अर्ज तिचाच आहे, असे सांगितल्यावर “लग्न दोघांचं, तर सह्याही दोघांच्या” असे उत्तर मिळाले. पुढच्या खेपेला तर, जावईबापूंचा नंबर द्या, आम्हीच विचारून घेतो, असे सुचवण्यात आले. ज्याला या अर्जाची माहिती देण्यास अमेरिकेतील अधिकाऱ्यांनाही कायद्याने मनाई आहे, त्यालाच हे गृहस्थ फोन लावायला निघाले होते! बहिणीचे सासर नागपुरातच असल्याने एका फोनवर सगळे उघड झाले असते. प्रत कशासाठी हवी हे रांगेतील लोकांच्या देखत सांगावे, अशीही त्यांची अपेक्षा होती. ती मी पूर्ण केली नाही आणि कोणीही करू नये. “परदेशातील कामासाठी” एवढे कारण पुरते.

शेवटी तोंडी वाद सोडून मी लेखी अर्ज दिला आणि त्याची पोच घेतली. नोंदवही पाहण्यास खुली असावी आणि अर्ज करून शुल्क भरल्यावर प्रमाणित उतारा मिळावा, ही हिंदू विवाह कायद्याच्या कलम ८ मधील तरतूद मी त्यात नमूद केली, आणि प्रत नाकारायची असल्यास कोणत्या नियमाने नाकारता ते लेखी कळवावे, अशी विनंती केली. त्या विनंतीने काम झाले. कागद वरिष्ठांच्या टेबलावर गेला, प्रत मिळाली आणि सहीचा विषय पुन्हा कोणी काढला नाही. माझा संताप मात्र अजून गेलेला नाही, कारण असा नियम असता तर तो पहिल्याच दिवशी दाखवता आला असता.

प्रमाणपत्र मिळतच नसेल तरी आय-३६० अर्ज अडवून ठेवू नये. लग्नाचे फोटो आणि नातेवाइकांची प्रतिज्ञापत्रे असा विश्वासार्ह पुरावाही विचारात घेतला जातो, असे वकिलांनी नंतर सांगितले. घटस्फोट झालेला असल्यास दोन वर्षांच्या आत अर्ज करावा लागतो, आणि मंजुरीपूर्वी पुनर्विवाह केल्यास अर्ज नाकारला जातो. मराठी मेसेजच्या भाषांतरावर भाषांतरकाराने सही करून ते पूर्ण व अचूक असल्याचे लिहून द्यावे लागते. नोटरीची गरज नसते. नागपूर पोलिसांचा चारित्र्याचा दाखला आम्हाला लागला नाही, कारण तो मागील तीन वर्षांत जिथे राहिलो तिथला लागतो आणि ती वर्षे ती अमेरिकेतच होती. नवरा अजून एच-१बी या नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावरच असेल तर आय-३६० चालत नाही, परंतु छळ होत असलेल्या एच-४ धारक पत्नीला नोकरीच्या परवान्यासाठी आय-७६५व्ही हा वेगळा अर्ज करता येतो.

बहिणीचा अर्ज मंजूर झाला असून तिला नोकरीचा परवानाही मिळाला आहे. मुखत्यारपत्राबद्दल सांगायचे राहिले: परदेशात केलेले मुखत्यारपत्र येथे पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरून घ्यावे, नाहीतर खिडकीवर आणखी एक कारण तयार मिळते.