बाप काढला ते सोडा, पेटीचं बोला

आंब्याच्या सीझनला आमच्याकडे पक्षकार तारखेलासुद्धा नाखुशीनेच येतात, सगळे बागेत नाहीतर पेट्या भरण्यात, त्यामुळे गेल्या मे महिन्यात एक आंबेवाले काका तावातावाने माझ्या देवगडच्या ऑफिसात शिरले तेव्हा नवलच वाटलं.

"वकिलानू, अब्रूनुकसानीची केस घालूची आसा. तेणा भर बाजारात माझो बापूस काढल्यान!"

समोरचा त्यांचाच भाऊबंद, गडग्यावरून, म्हणजे दोघांमधल्या दगडी कुंपणावरून, जुना वाद. शिव्या काय दिल्या ते काकांनी साभिनय सांगितलं, बाहेर टायपिस्ट हसत होता. मी म्हटलं काका हा अपमान झाला, अब्रूनुकसानी नाही. रागात बाप काढला म्हणून बाजारातल्या कोणी तुमच्या वडलांबद्दल काही खरं मानलं का? तुमचं नाव चारचौघात होतं तेवढंच राहिलं. मारामारी व्हावी म्हणून मुद्दाम डिवचलं असेल तर भारतीय न्याय संहितेचं कलम 352 बघू, पण तेही अदखलपात्र, पोलीस एनसी, म्हणजे नुसती नोंद, लिहून घेतील आणि घरी जा म्हणतील.

काका हिरमुसले. मग सहज मोबाईल पुढे केला, "ग्रुपार पण कायतरी टाकल्यान, पण ता सोडा."

मेसेजमध्ये काकांचं नाव घालून लिहिलेलं, पेटीवर देवगड हापूस आणि आत कर्नाटकचा माल, मुंबईच्या गिऱ्हाइकांनी जपून. मी खुर्चीत सरळ बसलो. अहो खरी केस ही! तिसऱ्या माणसापर्यंत पोचलं, धंद्यातली पत जाते, 2018 पासून हापूसला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, असताना तर हा आरोप भलताच लागतो. न्याय संहितेचं कलम 356, जुन्या दंड संहितेतलं 499-500. इंग्लंडात लेखी आणि तोंडी बदनामी वेगवेगळी धरतात, आपल्या फौजदारी कायद्यात तसं काही नाही, दोन्ही एकच. फिर्याद तुम्ही स्वतः मॅजिस्ट्रेटकडे करायची, भरपाई हवी तर दिवाणी दावा वर्षाच्या आत. काकांचा चेहरा खुलला, माझाही, फी दिसायला लागली होती.

फक्त एक विचारायचं राहिलेलं. आरोप खरा असेल आणि लोकांच्या भल्यासाठी केलेला असेल तर तो ह्या कलमात बसत नाही, पहिलाच अपवाद आहे तो. म्हणून विचारलं, "काका, माल देवगडचोच होतो मा?"

"होतो म्हणजे... खालचो थर जरा भायरचो होतो. पण म्हणान असा ग्रुपार टाकूचा?"

चहा मागवला. म्हटलं, काका, गडग्याचं काय ते बोला.