बसून काय खेळायचं त्यात?

मी व्हीलचेअरवर टेबल टेनिस खेळते म्हटलं की लोकांचे डोळे पाणावतात. त्याचा मला भारी वैताग येतो. आमच्या कोथरूडच्या सोसायटीतले एक काका तेवढे वेगळे निघाले. त्यांनी तोंडावर विचारलं, "बसून काय खेळायचं त्यात? बॉल जरा लांब पडला की संपलं!" प्रश्न खोचक होता, पण निदान खेळाबद्दल होता. मी त्यांना पलीकडे खुर्ची टाकून बसवलं, हातात बॅट दिली आणि नेटलगत एक आखूड पुश टाकला. काका झेपावले, खुर्चीचे मागचे पाय उचलले गेले, तोवर बॉल दुसरा टप्पा घेऊन मोकळा. "परत टाक," म्हणाले. मग अर्धा तास उठायला तयार नाहीत.

टेबल तेच, २.७४ मीटर लांब. नेट तेच, सव्वापंधरा सेंटिमीटर उंच. फरक पडतो तो हात कुठवर पोचतो याचा. रॅलीच्या मध्यात चाक फिरवून जागा बदलायला गेलात तर पुढचा बॉल गेलाच म्हणून समजा. त्यामुळे टेबलाला भिडून बसायचं, मोकळ्या हाताने चाकाचा आधार घ्यायचा आणि समोरच्याच्या हाताचा अंदाज घेत त्याला खेळवायचं. सर्व्हिसचा एक नियम मात्र आमचा स्वतःचा आहे. सिंगल्समध्ये सर्व्हिस समोरच्याच्या मागच्या कडेवरूनच बाहेर जायला हवी. बाजूच्या कडेने निसटली, किंवा पलीकडे टप्पा पडून स्पिनमुळे नेटकडे उलटी वळली, तर लेट, म्हणजे सर्व्हिस पुन्हा. त्याआधीच रिसीव्हरने मारली तर खेळ चालू. आणि एकदा रॅली सुरू झाली की ही दयामाया संपली. तिथे बाजूने काढलेला बॉल म्हणजे सरळ पॉइंट.

खेळाडूंचे क्लास असतात. १ ते ५ व्हीलचेअरवाले, ६ ते १० उभ्याने खेळणारे, ११ बौद्धिक अक्षमतेसाठी. पहिल्या दोन्ही गटांत आकडा जितका लहान तितकी हालचाल कमी. क्लास १-२ मध्ये बोटांची पकड नसलेले खेळाडू बॅट हाताला बांधून खेळतात आणि तरी काय स्पिन काढतात! माझा क्लास ४. अपघातात मणक्याला इजा झाली, कमरेखाली स्पर्श कळत नाही, धड बऱ्यापैकी सावरतं पण पूर्ण नाही. गुडघ्यांच्या वर पट्टा बांधून स्वतःला खुर्चीला जखडायची परवानगी नाही, कारण त्याने तोल सुधारतो. वैद्यकीय कारण खेळाडूच्या क्लासच्या कार्डावर नोंदलेलं असेल तरच सूट. कुशन जास्तीत जास्त दोन, मिळून १५ सेंटिमीटर. माझ्यासाठी कुशन आधी कातडीची आणि मग खेळाची गोष्ट आहे. बेडसोअर झाला तर कित्येक आठवडे पालथं झोपून काढावे लागतात. म्हणून गेम संपला की मी दोन्ही चाकांवर हात रोवून अंग वर उचलून धरते. बघणाऱ्यांना वाटतं, स्ट्रेचिंग चाललंय.

पुण्यात हा विषय निघाला की मुरलीकांत पेटकरांचं नाव निघतं, आणि निघायलाच हवं. १९६५च्या युद्धात गोळ्या लागलेला हा जवान १९७२ साली हायडेलबर्गला पोहण्यात सुवर्णपदक जिंकला, पॅरालिम्पिकमधलं भारताचं पहिलं. सिनेमा आल्यापासून हे सगळ्यांना पाठ आहे. पण त्याआधी १९६८ला तेल अवीवच्या पॅरालिम्पिकमध्ये ते टेबल टेनिस खेळले होते, हे मी सांगितलं की लोक माझ्याकडे संशयाने बघतात.

त्यानंतर या खेळात भारताचं पहिलं पॅरालिम्पिक पदक यायला २०२१ उजाडलं. भाविना पटेल. मेहसाणा जिल्ह्यातलं सुंढिया गाव, वर्षाची असताना पोलिओ, पुढे अहमदाबादच्या ब्लाइंड पीपल्स असोसिएशनमध्ये हातात बॅट आली. एवढं सगळीकडे छापून आलं. तिच्या मॅचेसबद्दल मात्र कुणी बोलत नाही, आणि माझी तक्रार तीच आहे.

टोकियोत पहिल्याच मॅचमध्ये तिच्यासमोर चीनची झोउ यिंग होती. ३-११, ९-११, २-११. अशा सुरुवातीनंतर माझ्यासारखीने बॅग भरली असती. ती बाद फेरीत पोचली आणि क्वार्टर फायनलमध्ये रिओची सुवर्णविजेती, सर्बियाची बोरिस्लावा पेरिच-रांकोविच, तिला सरळ ३-० ने काढलं. सेमीफायनलला चीनचीच झांग मिआओ, जिला भाविनाने त्याआधी कधी हरवलं नव्हतं. ७-११, ११-७, ११-४, ९-११, ११-८. हातात आलेली मॅच चौथ्या गेमला निसटते आणि पाचव्यात पुन्हा पहिल्यापासून डोकं थंड ठेवायचं, हे पोलिओच्या गोष्टीपेक्षा मला कितीतरी मोठं वाटतं. २९ ऑगस्टला रविवारी सकाळी फायनल झाली. परत झोउ यिंग, परत ०-३. आईने चहा केला होता, तो तसाच राहिला. पुढच्या वर्षी बर्मिंगहॅमला कॉमनवेल्थचं सुवर्ण आलं. २०२४ला पॅरिसमध्ये क्वार्टर फायनललाच पुन्हा झोउ यिंग. १-३ ने हरली, पण एक गेम घेतला आणि पहिला १२-१४ पर्यंत ताणला. टोकियोत तिच्याकडून एकही गेम मिळाला नव्हता. टीव्हीवर बातमी आली ती फक्त "आव्हान संपुष्टात" एवढीच.

इथली आमची आव्हानं फारच घरगुती आहेत. एका जुन्या क्लबचा हॉल पहिल्या मजल्यावर, लिफ्ट नाही. सेक्रेटरी प्रेमाने म्हणाले, "अहो, चार पोरं उचलून नेतील की तुम्हाला!" नेतील हो, पण खाली कोण आणणार आणि रोज कोण येणार? मेट्रो झाल्यापासून वनाजहून लिफ्टने वर जाता येतं, नाहीतर फोल्डिंग खुर्ची रिक्षात कोंबताना रिक्षावाल्याची मनधरणी करण्यातच हात दमायचे. बॉल उचलणं हा तर वेगळाच व्यायाम. भावाने बांबूला मच्छरदाणीची जाळी बांधून दिली आहे, तिने कोपऱ्यातले बॉल ओढून घेते.

सगळ्यात मोठी अडचण टेबलाच्या पायांची. नियमाप्रमाणे पाय मागच्या कडेपासून किमान ४० सेंटिमीटर आत हवेत, म्हणजे गुडघे खाली शिरतात. सोसायट्यांत असतात ती घडीची, चाकांची टेबलं. बऱ्याच टेबलांची आडवी नळी नेमकी माझ्या नडगीवर येते, आणि मला ते कळतही नाही. घरी आल्यावर निळा डाग दिसतो. तेव्हा कोथरूड-कर्वेनगर भागात कुणाकडे पाय आत असलेलं टेबल असेल आणि तिथवर पायऱ्या नसतील, तर कळवा. जाळी आणि बॉल मी घेऊन येईन. बेस्ट ऑफ फाइव्ह, आणि तुम्ही बसूनच खेळायचं.