पोहे, गूळ आणि एलियाहू

परवा घरी मलिदा होता, म्हणजे एलियाहू या पैगंबराची आठवण काढून आभार मानायचा आमचा विधी. पोहे भिजवायचं काम माझ्याकडे. फोनवर बोलता बोलता पाणी जास्त झालं, पार लगदा! आई काही बोलली नाही, नुसती परात पुढ्यातून ओढून घेतली. मग दुसरे पोहे, त्यात गूळ, ओलं खोबरं, वेलची. कडेने केळी, सफरचंद, खजूर. आणि एलियाहू हनाबीचं गाणं.

आम्ही बेने इस्रायली, म्हणजे इथले मराठी ज्यू. शेजारच्या काकूंना हे सत्यनारायणाच्या प्रसादासारखं वाटतं, मी वाद घालत नाही. पण ‘तुमच्यात ते कब्बाला असतं ना, मनगटावर लाल दोरा?’ असं कुणी विचारलं की हसू येतं. आमच्या घरात दोरा कधीच नव्हता.

कब्बाला म्हणजे ज्यूंची गूढविद्या. तिचा मुख्य ग्रंथ झोहर 13व्या शतकात स्पेनमध्ये पुढे आला. 16व्या शतकात इस्रायलमधल्या गॅलिली भागात, सफेद नावाच्या गावी, इसहाक लुरियाने शिकवलं, की जगाला जागा व्हावी म्हणून देवाने स्वतःला आक्रसून घेतलं. लोकलमध्ये चौथ्या सीटसाठी तिघं सरकतात तसं. ही उपमा माझी. लुरियाला हे गूढ खुद्द एलियाहूने सांगितलं, अशी श्रद्धा आहे. म्हणजे आमच्या परातीपुढे ज्याला बोलावतो, तोच की!

सफेदच्याच श्लोमो अल्काबेत्झचं ‘लेखा दोदी’ हे गाणं शुक्रवारी संध्याकाळी म्हणतात, तेव्हा शाब्बाथ, म्हणजे आठवड्याचा विश्रांतीचा दिवस, सुरू होतो. शेवटच्या कडव्याला सगळे दाराकडे वळतात, कारण शाब्बाथ ही नवरी, तिचं स्वागत करायचं. लहानपणी मुंबईत मांडवीच्या सिनेगॉगमध्ये, आमच्या प्रार्थनास्थळात, मी खरंच वळून बघायचे. दारात हातगाडीवाला बिडी ओढत उभा असायचा.