कावेचा लाल टिकला, आगळाचा नाही

रंगीत साबणातला लाल रंगाचा प्रश्न एकदाचा सुटला, म्हणून ही नोंद. मालवणात राहून लाल म्हटलं की आधी कोकम आठवणारच. पण आगळाच्या, म्हणजे कोकमाच्या घट्ट रसाच्या, थेंबावर चिमूटभर खाण्याचा सोडा टाकून बघा, लाली तिथल्या तिथे मळकट होते. तेलाचा साबण करणाऱ्या कॉस्टिक सोड्यापुढे तर तिचा निभावच लागत नाही. जास्वंद आणि बीट यांचीही तीच गत.

हळदीची तऱ्हा निराळी. हळदीत चुना कालवला की कुंकू होतं, तेच साबणातही घडतं. भांड्यातला लालभडक रंग बघून सासूबाई म्हणाल्या, "काय गो, साबण करतंस की कुंकू?" क्षार उतरत जातो तशी ती लाली केशरी-पिवळ्यावर येते आणि उजेडात फिकट होत जाते. हळदीच्या वड्या त्यामुळे कपाटातच ठेवायच्या.

कावेचं, म्हणजे त्या तांबड्या मातीचं, मात्र देवळातच सुचलं. गोवा-सिंधुदुर्गाकडच्या जुन्या देवळांच्या भिंतींवर चुन्याच्या गिलाव्यात कावेची नक्षी असते ना? चुन्याला पुरून उरलेला रंग सोड्यालाही उरेल. हा लाल लोहाच्या ऑक्साइडचा, क्षाराला तो दाद देत नाही. अडचण एकच, काव खरखरीत असते, अंगाला ओरखडे काढील. म्हणून ती बरणीभर पाण्यात ढवळायची, मिनिटभर थांबायचं आणि वरचं गढूळ पाणी दुसऱ्या भांड्यात ओतून घ्यायचं. तळाची रेव टाकून द्यायची. त्या गढूळ पाण्यात रात्रभर जो गाळ बसतो तो वाळवून मलमलीतून चाळला की बोटांना पिठूळ लागतो. साबणाच्या घाण्यात घालण्याआधी तो एरंडेलात घोटायचा, नाहीतर वडीत ठिपके दिसतात. रांगोळीचे रंग यात नकोत, त्यांत काय असतं देव जाणे.

घाणा एक किलो तेलाचा: खोबरेल 600 ग्रॅम, कोकमाचं मुठेल (बियांचं थिजलेलं तेल) 200, एरंडेल 100, तांदळाच्या कोंड्याचं तेल 100. सुमारे 8 टक्के तेल सुटं राहावं म्हणून कॉस्टिक सोडा 150 ग्रॅम, पाणी 300. खोबरेल इतकं जास्त, कारण त्याचा साबण मचूळ पाण्यातही फेसाळतो, आणि किनाऱ्याच्या विहिरीचं पाणी मे महिन्यात कसं होतं ते आपण जाणतोच. सोडा पाण्यात घालायचा, पाणी सोड्यात कधीच नाही. ॲल्युमिनियमचं पातेलं चालत नाही. हातमोजे आणि चष्मा हवेतच.

खरी मेख मुठेलात आहे. ते साधारण 38 ते 40 अंशांना वितळतं. मिश्रण त्याखाली गेलं की मुठेल आपणहून थिजू लागतं आणि ट्रेस आला (साबण होताना मिश्रण दाटतं तसा) असं वाटतं, प्रत्यक्षात साबण झालेलाच नसतो. नक्षीसाठी मी 43-44 अंशांवर काम करते आणि मिश्रण पळीवाढ्या पिठल्याइतकं झालं की लगेच तीन वाटे. एक पांढरा, एक कावेचा, एक निळीच्या पुडीचा (झाडाची नीळ, कपड्यांची नव्हे). साच्यात आलटून पालटून ओतून नारळाच्या हिराने दोनदा आडवं ओढलं की पुरे. जास्त ढवळलं की सगळं चिखलाच्या रंगाचं होतं.

पावसाळ्यात सोड्याचे फ्लेक्स दमट हवेत ओलसर होतात आणि वजन फसवतं, म्हणून डबा घट्ट बंद. वड्यांनाही घाम फुटतो. त्यातलं ग्लिसरीन हवेतला ओलावा ओढतं. सध्या वड्या पंख्याखाली सुटसुटीत मांडल्या आहेत, चार ते सहा आठवडे तरी राहतील.

कापल्यावर काव आतपर्यंत विटेच्या रंगाची निघाली. निळीचा पट्टा जरा राखाडीकडे झुकलाय, पूड थोडी वाढवावी लागेल. जांभळ्यासाठी रतनजोत (रंग देणारी मुळी) खोबरेलात भिजत घातली आहे. तेल आत्ता लाल दिसतंय, सोडा पडला की निळ्या-जांभळ्यावर जायला हवं.